हँक विल्यम्स ज्युनियर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कंट्री संगीत नव्यानं ऐकणाऱ्यांचा पहिला गोंधळ बहुधा या नावापाशीच होतो. १९५३ साली वारलेला गायक १९८२ मध्ये हिट गाणी कशी देतो? कारण माणसं दोन आहेत, बाप आणि मुलगा. खाली बापाला थोरला हँक आणि मुलाला धाकटा हँक म्हटलं आहे. विषय धाकट्याचा आहे, पण त्याच्या आयुष्यातलं एकही वळण थोरल्याला बाजूला ठेवून सांगता येत नाही.

थोरल्या हँकला एवढं मोठं का मानतात?

कारण आज कंट्री गाणं म्हणून जे ओळखलं जातं, त्यातलं बरंचसं त्यानं घडवलं. जन्म १९२३ चा, अलाबामा राज्यातल्या माउंट ऑलिव्हचा. पहिलं रेकॉर्डिंग १९४६ च्या डिसेंबरात आणि शेवटचं १९५२ च्या सप्टेंबरात. म्हणजे सगळी कमाई सहा वर्षांच्या आतली. रोजच्या बोलण्यातले शब्द, दोन-तीन कॉर्ड आणि ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालणारा आवाज, एवढंच त्याचं भांडवल होतं. ११ जून १९४९ रोजी कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात तो पहिल्यांदा गायला, तेव्हा लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा परत बोलावलं.

पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष होता. त्या वेदनेवर त्यानं दारू आणि मॉर्फिनचा उतारा शोधला आणि पुढे त्यानंच घात केला. ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीनं त्याला काढून टाकलं. १ जानेवारी १९५३ ला ओहायोतल्या कँटन गावी कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर तो मृतावस्थेत आढळला. वय २९.

धाकट्याचा जन्म कधीचा? आणि तो खरंच ‘ज्युनियर’ आहे का?

२६ मे १९४९, श्रीव्हपोर्ट, लुइझियाना. वडिलांच्या त्या गाजलेल्या ऑप्री पदार्पणाच्या सोळा दिवस आधी. कागदोपत्री पाहिलं तर तो ज्युनियर नाही. वडिलांचं पाळण्यातलं नाव हायरम, मुलाचं रँडल हँक. पण आडनावाला जोडून ‘हँक’ आलं आणि बाजाराला ज्युनियर हवाच होता, त्यामुळे तेच चिकटलं.

त्याला ‘बोसेफस’ का म्हणतात?

हे वडिलांनी लाडानं ठेवलेलं नाव. ऑप्रीवर रॉड ब्रॅसफील्ड नावाचा विनोदी कलाकार होता, त्याच्या बोलक्या बाहुल्याचं नाव बोसेफस. थोरल्यानं पोराला तेच नाव दिलं. आज चाहते कार्यक्रमात याच नावानं ओरडतात. वडिलांकडून आलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच अशी, जी जगाची नव्हती, फक्त त्या दोघांची होती.

वडील त्याला आठवतात का?

वडील गेले तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता आणि त्याच्या काही महिने आधीच आई-वडिलांचा घटस्फोट झाला होता. मग आठवणार तरी काय? ज्या तबकड्यांवर सारा देश थोरल्याचा आवाज ऐकत होता, त्याच तबकड्यांवर मुलानंही बाप ऐकला. उरलेलं वडिलांच्या ओळखीच्यांकडून मिळालं. त्यातला एक मर्ल किलगोर. किलगोर चौदाएक वर्षांचा असताना श्रीव्हपोर्टला ‘लुइझियाना हेराइड’ या कार्यक्रमाच्या वेळी थोरल्याची गिटार उचलून आत नेऊन द्यायचा. पुढे हाच माणूस धाकट्याबरोबर दौऱ्यांवर गायला, मग त्याचा मॅनेजर झाला आणि २००५ मध्ये मरेपर्यंत त्याच्यासोबत राहिला. बापाची गिटार उचलणाऱ्या पोरानं मुलाचा सगळा व्यवसाय सांभाळला, हे मला या घराण्याच्या कथेतलं सगळ्यात हृद्य नातं वाटतं.

त्याला गाण्यात कोणी आणलं?

आईनं. ऑड्री विल्यम्स स्वतः गायची, पण तिचा खरा गुण व्यवहाराचा होता. नवऱ्याच्या नावाची किंमत तिला बरोब्बर ठाऊक होती. १९५७ मध्ये जॉर्जियातल्या स्वेन्सबरो गावी तिनं मुलाला स्टेजवर उभं केलं. वय वर्षं आठ. अंगात वडिलांसारखा कपड्यांचा जोड, तोंडात वडिलांची गाणी. समोर बसलेल्यांत थोरल्यासाठी अजून हळहळणारी माणसं होती आणि त्यांना त्या पोरात तोच दिसत होता. अकराव्या वर्षी तो ऑप्रीवर गायला. चौदाव्या वर्षी वडिलांच्याच एमजीएम कंपनीसाठी वडिलांचंच ‘लाँग गॉन लोनसम ब्लूज’ रेकॉर्ड केलं आणि १९६४ मध्ये ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या पाचांत गेलं.

त्याच वर्षी थोरल्याच्या आयुष्यावर चित्रपट आला. पडद्यावर जॉर्ज हॅमिल्टन हा नट ओठ हलवतो आणि गाणी ऐकू येतात ती धाकट्याच्या आवाजात. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या मेलेल्या बापाचा आवाज व्हायला सांगितलं गेलं आणि त्यानं ते चोख करून दाखवलं. चोख केलं, हीच पुढे त्याची अडचण झाली.

आईनं त्याला वापरून घेतलं, असं म्हणणं योग्य आहे का?

काही अंशी हो. पण तेवढंच म्हणून थांबलं तर ऑड्रीवर अन्याय होतो. तिच्याच घरात मुलाला जे शिक्षण मिळालं, ते कुठल्याही शाळेत मिळालं नसतं. नॅशव्हिलच्या त्या घरी अर्ल स्क्रग्ज, जेरी ली लुईस, फॅट्स डॉमिनो असे नामांकित वादक यायचे. बँजो एकाकडून, पियानो दुसऱ्याकडून असं करत पोरगा गिटार, बास, फिडल, ड्रम्स, हार्मोनिका सगळं वाजवायला लागला.

आपल्याकडे गुरूची गायकी आधी हुबेहूब गळ्यावर चढवायची आणि मग त्यातून स्वतःची वाट काढायची, ही रीत आहे. त्या रीतीत गुरू समोर बसलेला असतो. ‘आता माझी नक्कल पुरे’ असं तोच एके दिवशी सांगतो. धाकट्या हँकला असं सांगणारं कोणी नव्हतं. आईला नक्कल हवी होती, कंपनीला हवी होती आणि तिकीट काढून येणाऱ्यालाही तीच हवी होती.

मग तो स्वतःचं कधी गायला लागला?

पहिली खूण लवकर दिसते. १९६६ मध्ये, सतरा वर्षांचाही नसताना लिहिलेलं ‘स्टँडिंग इन द शॅडोज’ हे गाणं नामांकित बापाच्या सावलीत उभं राहण्याबद्दल आहे. पण तेही बापाबद्दलच. त्याला रॉक आवडायचं, ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत आवडायचं. ‘रॉकिन रँडल’ या टोपणनावानं तो रॉक वाजवायचाही. १९७० मध्ये ‘ऑल फॉर द लव्ह ऑफ सनशाइन’ पहिल्या क्रमांकावर गेलं, १९७२ मध्ये ‘इलेव्हन रोझेस’. यश होतं, पण माणूस आतून पोखरला जात होता. दारू वाढली, गोळ्या वाढल्या आणि १९७४ मध्ये त्यानं जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून वाचल्यावर नॅशव्हिल सोडून तो अलाबामातल्या कलमन गावी राहायला गेला. पंचविशीतच त्याला आपण वडिलांच्या वाटेनं वडिलांच्याच मुक्कामाला निघालो आहोत हे दिसलं होतं.

‘हँक विल्यम्स ज्युनियर अँड फ्रेंड्स’ या अल्बमचं एवढं काय?

त्याच्या कारकिर्दीतला एकच अल्बम निवडायचा झाला तर मी हा निवडेन. १९७५ मध्ये त्यानं अलाबामातल्या मसल शोल्स इथे वेगळीच मंडळी गोळा केली. मार्शल टकर बँडचा गिटारवादक टॉय काल्डवेल, चार्ली डॅनियल्स, ऑलमन ब्रदर्सबरोबर वाजवणारा पियानोवादक चक लेव्हेल. सगळे दक्षिणेकडच्या रॉकमधले. वडिलांची छाप पुसायचा प्रयत्न यात नाही. आवाज तोच विल्यम्स घराण्याचा आहे, पण त्याखालचा ठेका, गिटारचा जोर आणि गाण्यांची लांबी त्याच्या स्वतःच्या पिढीची आहे. दहा वर्षं तो जे टोपणनावाखाली लपवत होता, ते इथे स्वतःच्या नावानं आलं.

डोंगरावरचा अपघात नेमका काय होता?

८ ऑगस्ट १९७५. मोंटाना राज्यातलं, आयडाहोच्या सीमेलगतचं एजॅक्स शिखर. तो एका मित्राबरोबर आणि मित्राच्या लहान मुलाबरोबर चढत होता. उतारावरचा बर्फ पायाखालून सरकला आणि तो जवळजवळ पाचशे फूट, म्हणजे दीडशे मीटर खाली गेला. मधे खडक होते. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत फुटला, कवटीला तडा गेला. मदत येईपर्यंत काही तास गेले आणि या सगळ्या वेळात तो शुद्धीवर होता. हेलिकॉप्टरनं त्याला मिझुलाच्या रुग्णालयात नेलं.

डोळे उघडल्यावर त्याला उशाशी जॉनी कॅश आणि जून कार्टर हे कंट्रीतलं गाणारं जोडपं दिसलं. जून त्याची धर्ममाता होती. मग शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया. जबडा, नाक, गालाची हाडं पुन्हा बसवावी लागली. बोलायला नव्यानं शिकायचं, मग गायला. तो सावरत असतानाच नोव्हेंबरमध्ये ऑड्रीही गेली. तिशीही न गाठलेला माणूस, आई-बाप दोघंही नाहीत आणि आरशात ओळखू येणारा चेहराही नाही.

दाढी, गॉगल आणि हॅट ही स्टाइल आहे का?

सुरुवात चेहऱ्यावरचे व्रण झाकण्यापासून झाली. त्याआधीचे फोटो पाहा. गुळगुळीत दाढी केलेला, सूट घातलेला, बापासारखा दिसणारा तरुण त्यात आहे. ते साम्य अपघातानं कायमचं मोडलं.

अपघातामुळे त्याला स्वतःचा आवाज सापडला, हे खरं ना?

सगळीकडे असंच लिहिलेलं असतं आणि मला ते पटत नाही. ‘अँड फ्रेंड्स’ची गाणी डोंगरावरून पडण्याआधीची आहेत, अल्बम फक्त नंतर बाजारात आला. म्हणजे निर्णय आधीच झाला होता. शहर सोडलं होतं, वादक बदलले होते, गाणी लिहून तयार होती. अपघातानं त्याची दोन वर्षं खाल्ली, त्याला असह्य वेदना दिल्या आणि वडिलांना ज्या औषधांनी गिळलं तशीच औषधं त्याच्याही हाताशी आणून ठेवली. सगळं श्रेय दरीला दिलं की दारूच्या आणि नैराश्याच्या गाळातून शुद्धीवर राहून स्वतःला बाहेर काढणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलाचे कष्ट दिसेनासे होतात. अपघातानंतरच्या पडत्या काळात कंट्री गायक वेलन जेनिंग्ज त्याच्यामागे उभा राहिला आणि १९७७ च्या ‘द न्यू साउथ’ अल्बमच्या निर्मितीत त्यानं हात घातला, हेही विसरून चालणार नाही.

‘फॅमिली ट्रॅडिशन’ हे गाणं कशाबद्दल आहे?

१९७९ चं गाणं, कंट्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. लोक विचारतात, तू का पितोस, का ओढतोस, गाण्यात लिहितोस तसंच का जगतोस? तो सांगतो, ही आमच्या घरची रीत आहे. दारूच्या गुत्त्यांत आजही लोक हे गाणं लागलं की मधल्या प्रश्नांना एका सुरात उत्तरं देतात. पण शांतपणे ऐकलं तर पहिला मुद्दा वेगळाच सापडतो. कंट्रीवाली मंडळी माझ्यावर टीका करतात, कारण मी बापासारखं गात नाही. आणि ते बापासारखं न गाण्याचं समर्थनही तो बापाचंच उदाहरण देऊन करतो. थोरला हँकही कुणाचं ऐकून गायला नव्हता, मग मी का ऐकू? बापाचं गाणं उचलण्याऐवजी त्यानं बापाचा हट्ट उचलला.

ऐंशीच्या दशकात तो किती लोकप्रिय होता?

प्रचंड. १९८२ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री अल्बमच्या यादीत त्याचे एकाच वेळी नऊ अल्बम होते. १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशननं त्याला ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ निवडलं. एकूण दहा गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातली दोन, ‘हाँकी टाँकिन’ आणि ‘माइंड युअर ओन बिझनेस’, थोरल्याची आहेत. वडिलांची गाणी त्यानं सोडली नाहीत, फक्त आता ती आपल्या चालीनं गायला लागला. त्याचं सगळ्यात टिकलेलं गाणं मात्र पहिल्या क्रमांकावर कधी गेलंच नाही. १९८२ चं ‘अ कंट्री बॉय कॅन सर्व्हाइव्ह’ दुसऱ्यावर थांबलं आणि अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत ते आज जवळजवळ राष्ट्रगीतासारखं म्हटलं जातं.

मेलेल्या वडिलांबरोबर तो गायला, हे कसं?

थोरल्यानं ‘देअर्स अ टियर इन माय बिअर’ हे गाणं नुसत्या गिटारवर गाऊन कच्च्या नमुन्याची तबकडी करून ठेवली होती. ते बिग बिल लिस्टर या गायकाला दिलं होतं. लिस्टरनं स्वतःचं रेकॉर्डिंग केलं आणि ती नमुना-तबकडी त्याच्याकडेच राहिली. काही दशकांनी ती त्यानं धाकट्याच्या हवाली केली. त्यावर नवीन वाद्यमेळ आणि मुलाचा आवाज चढवून १९८९ मध्ये युगुलगीत निघालं. व्हिडिओसाठी थोरल्याच्या जुन्या टेलिव्हिजन चित्रणावर काम करून ओठांची हालचाल नव्या गाण्याशी जुळवली, मुलाला त्याच्या शेजारी उभं केलं. १९९० मध्ये या गाण्याला ग्रॅमी मिळाला.

आज असल्या तांत्रिक करामती उठता-बसता दिसतात, त्यामुळे नवल वाटणार नाही. पण हिशेब करून पाहा. त्या व्हिडिओत बाप तिशीच्या आतला आहे आणि मुलगा चाळिशीचा. मुलाच्या दाढीत पन्नाशीची चाहूल आहे आणि बाप पोरसवदा दिसतो.

फुटबॉलचा काय संबंध?

१९८९ पासून दोन दशकांहून जास्त काळ ‘मंडे नाइट फुटबॉल’ या अमेरिकेतल्या लाडक्या प्रक्षेपणाची सुरुवात त्याच्या गाण्यानं व्हायची. १९८४ च्या एका हिट गाण्याचे शब्द बदलून ते केलं होतं. त्यासाठी त्याला टेलिव्हिजनचे चार एमी पुरस्कार मिळाले. कंट्री न ऐकणारे लाखो अमेरिकन त्याला एवढ्यावरूनच ओळखतात.

मग ते बंद का झालं?

ऑक्टोबर २०११ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि रिपब्लिकन नेते जॉन बेनर यांच्या गोल्फच्या डावाची तुलना त्यानं हिटलर आणि नेतान्याहू एकत्र खेळण्याशी केली. सामने दाखवणाऱ्या ईएसपीएन वाहिनीनं गाणं काढलं. २०१७ मध्ये परत आणलं, २०२० मध्ये पुन्हा बाजूला ठेवलं.

हा एकमेव वाद नव्हे. १९८८ मध्ये त्यानं यादवी युद्धात दक्षिण जिंकली असती तर काय झालं असतं, याची रम्य कल्पना रंगवणारं गाणं केलं. दक्षिणेचा विजय म्हणजे गुलामगिरीचा विजय, आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांना त्यात रमण्यासारखं काही नाही. ‘गंमत होती’ म्हणून ते सोडून देता येत नाही. थोरल्याला गाणं शिकवलं ते रुफस ‘टी टॉट’ पेन या अलाबामाच्या रस्त्यांवर गाणाऱ्या कृष्णवर्णीय वादकानं, आणि हे धाकट्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर ते गाणं मला जास्तच खुपतं.

त्याला एक बहीण आहे, ती कोण?

जेट विल्यम्स. थोरला गेल्यावर पाच दिवसांनी, ६ जानेवारी १९५३ ला तिचा जन्म झाला. आई बॉबी जेट. मुलगी दत्तक घरांत वाढली आणि आपण कोणाची मुलगी हे तिला मोठेपणी कळलं. वारसाहक्कासाठी ती कोर्टात गेली तेव्हा धाकटा हँक विरुद्ध बाजूला होता. वर्षानुवर्षं खटला चालला, शेवटी ती जिंकली. पुढे मात्र थोरल्याच्या १९५१ च्या रेडिओ कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज कोणाच्या मालकीची, या वादात दोघं वारस म्हणून एका बाजूला आले आणि टेनेसीतल्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. २००८ पासून ती रेकॉर्डिंग्ज प्रसिद्ध झाली. पिठाच्या कंपनीनं चालवलेल्या सकाळच्या कार्यक्रमात थोरला गातो, थट्टा करतो, पिठाची जाहिरात करतो. दोन्ही मुलांना न मिळालेला घरगुती बाप त्यात आहे.

पुढची पिढी गाते का?

गाते. धाकट्या हँकचा मोठा मुलगा शेल्टन, म्हणजे हँक तिसरा, दिसायला आणि आवाजाला थेट आजोबा. पण त्यानं कंट्रीबरोबर पंक आणि मेटलही वाजवलं. मुलगी हॉली स्वतः गाणी लिहिते, तिचा २०१३ चा ‘द हायवे’ अल्बम जरूर ऐका. लहान मुलगा सॅमही गायक आहे. आणखी एक मुलगी, केटी, २०२० मध्ये रस्ता-अपघातात गेली.

हॉल ऑफ फेममध्ये तो आहे का?

आहे, पण उशिरा. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम १९६१ मध्ये सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या तिघांत थोरला हँक होता. धाकट्याची निवड २०२० मध्ये झाली, समारंभ महासाथीमुळे नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. एवढे विक्रम करणाऱ्याला सत्तरी ओलांडेपर्यंत थांबवणं मला अनाकलनीय वाटतं.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

आधी थोरल्याची दहा-बारा गाणी, नाहीतर अर्धी गंमत जाईल. मग ‘लाँग गॉन लोनसम ब्लूज’ बाप आणि मुलगा दोघांच्या आवाजात, एकापाठोपाठ एक. त्यानंतर थेट ‘अँड फ्रेंड्स’ आख्खा अल्बम, मधे न थांबता. मग ‘फॅमिली ट्रॅडिशन’, ‘व्हिस्की बेंट अँड हेल बाउंड’ आणि ‘अ कंट्री बॉय कॅन सर्व्हाइव्ह’. शेवटी २०२२ चा ‘रिच व्हाइट हाँकी ब्लूज’, डॅन ऑरबाखनं निर्मिती केलेला. त्यात तो रॉबर्ट जॉन्सन आणि आर. एल. बर्नसाइड यांची ब्लूज गाणी गातो, घासलेल्या आवाजात, स्लाइड गिटारच्या साथीनं. टी टॉट पेननं थोरल्याला जे दिलं ते कुठून आलं असेल, याचा अंदाज या अल्बमवरून चांगला येतो.